सात दरवाजांआडचा राजा : ‘द फॉल ऑफ गोंडोलिन’

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांच्या कल्पनाविश्वातील एल्फ या अमर वंशाच्या राजांमध्ये टुर्गॉन हा सर्वांत सावध राजा आहे आणि त्याची कथा ज्या पुस्तकात एकत्र मिळते, ते ‘द फॉल ऑफ गोंडोलिन’ ऑगस्ट 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. टॉल्किन यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी वयाच्या 93 व्या वर्षी संपादित केलेले हे पुस्तक त्यांच्या हयातीत निघालेले असे शेवटचेच ठरले. हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात असावी की, ही कादंबरी नव्हे. एकाच कथेचे वेगवेगळ्या काळातील पाठ येथे एकापुढे एक मांडलेले आहेत आणि त्यांच्या मध्ये संपादकाचे विवेचन आहे. सलग कथानकाच्या अपेक्षेने आलेल्या वाचकाचा हिरमोड होण्याची शक्यता बरीच आहे.

कथेचा गाभा थोडक्यात सांगता येतो. उत्तरेकडील अंधाराच्या अधिपतीपासून आपली प्रजा वाचवण्यासाठी टुर्गॉन डोंगरांच्या कड्याने वेढलेल्या दरीत गोंडोलिन ही शुभ्र नगरी वसवतो आणि तिचा पत्ता जगापासून दडवून ठेवतो. जलदेवता उल्मोचा निरोप घेऊन टुओर नावाचा मर्त्य मानव तेथे पोहोचतो, परंतु राजा तो निरोप मानत नाही, आणि पुढे घरातल्याच माणसाच्या फितुरीने नगरी पडते. शेवट पुस्तकाच्या नावातच सांगितलेला असल्यामुळे मी येथे कोणाचा रसभंग केला, असे वाटत नाही.

सर्वांत जुना पाठ 1916-17 मधला आहे. पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईत खंदकज्वराने आजारी पडून इंग्लंडला परतलेल्या तरुण अधिकाऱ्याने, म्हणजे खुद्द टॉल्किन यांनी, तो लिहिला, हे माहीत असले की नगरीवर चालून येणाऱ्या लोखंडी सर्पांचे वर्णन निराळेच वाटू लागते, कारण त्यांच्या पोकळ पोटांत सैनिक बसलेले असतात आणि त्याच लढाईत, सप्टेंबर 1916 मध्ये, रणगाडे प्रथमच युद्धात उतरले होते. या पाठाची भाषा मुद्दाम जुन्या वळणाची आहे. पहिली काही पाने जड जातात. एकदा लय सापडली की हल्ल्याचे प्रकरण हातातून सुटत नाही. उन्हाळ्याच्या सणासाठी सारी प्रजा मध्यरात्रीपासून मौन पाळून सूर्योदयाची वाट पाहत तटावर उभी आहे आणि लाली फुटते ती पूर्वेला नव्हे, उत्तरेला, एवढ्या एका तपशिलात लेखकाने जे साधले आहे ते पुढच्या कित्येक पानांच्या लढाईलाही साधलेले नाही.

याच पाठात राजाचा स्वभाव उघड होतो. त्याचा नकार हा भित्र्या माणसाचा नकार नाही. युद्धाला उतरावे, ही सूचना तो प्रजेच्या जिवासाठी नाकारतो. मग नदीवाटे समुद्राकडे निघून देवांच्या भूमीचा आसरा शोधावा, असे सुचवले जाते, तेव्हा त्याचे उत्तर हिशोबी आहे : आजवर कितीतरी माणसे त्या वाटेने धाडली, एकही परतला नाही, आता आणखी धाडणार नाही. हे वाचताना मला तो चूक आहे असे ठामपणे म्हणता आले नाही आणि पुस्तकाची खरी ताकद मला तेथे जाणवली. सावधपणाची जागा नगरीच्या मोहाने नेमकी कधी घेतली, हे त्याला कळत नाही आणि लेखकही बोट ठेवून दाखवत नाही.

याउलट त्याची कन्या इड्रिल. तीही गुप्ततेच्याच मार्गाने जाते, पण तिची गुप्तता बाहेर पडण्यासाठी आहे. मनात अशुभाची पाल चुकचुकताच ती नवऱ्याच्या, म्हणजे टुओरच्या, मदतीने नगरीखालून दूर मैदानापर्यंत एक भुयार गुपचूप खोदवून घेते. नगरीत सुटकेची एक चोरवाट आधीपासूनच होती. परंतु ती राजाचा भाचा मेग्लिन यालाही ठाऊक होती, आणि शत्रूच्या हाती सापडल्यावर फितूर झाला तो हाच. ऐन धामधुमीत त्या जुन्या वाटेवर विसंबलेले लोक मृत्यूच्या तोंडी जातात आणि इड्रिलच्या भुयाराने गेलेले वाचतात. बापलेकीतला हा फरक लेखक एकाही वाक्यात बोलून दाखवत नाही. राजा मुकुट झाडाच्या बुंध्याशी टाकून, पुढारीपण टुओरकडे सोपवून, आपल्या मनोऱ्यात मागे राहतो, इतकेच आपण पाहतो.

मधले पाठ, म्हणजे 1926 चा आराखडा आणि 1930 चा संक्षिप्त इतिहास, कथेत काय बदलले हे पाहण्यापुरते उपयोगी आहेत. तीच घटना तिसऱ्यांदा आणि तीही सारांशाने वाचताना कंटाळा येतो, हे मान्य करायला हवे. संपादकाच्या टिपा नेमक्या आहेत, मात्र त्या विखुरल्यामुळे पाने सारखी मागेपुढे करावी लागतात.

1951 च्या सुमाराचा अखेरचा पाठ मात्र या पुस्तकाचा मुकुटमणी आहे, आणि तो अपुरा आहे. टुओर आणि वाटाड्या व्होरोन्वे कडाक्याच्या हिवाळ्यात लपतछपत डोंगरांच्या पायथ्याशी येतात, कोरड्या पडलेल्या नदीपात्रातून अंधारात शिरतात आणि मग एकामागून एक सात दरवाजे लागतात : लाकडाचा, दगडाचा, कांस्याचा, पिळदार लोखंडाचा, चांदीचा, सोन्याचा आणि शेवटी पोलादाचा. प्रत्येक दरवाजावर पहारा आहे आणि प्रश्न विचारले जातात. व्होरोन्वे तर राजाचाच माणूस, तरीही परक्याला वाट दाखवल्याबद्दल त्याचाही जीव धोक्यात येतो, इतका तेथील कायदा कडक आहे. गंमत अशी, की या संपूर्ण पाठात टुर्गॉन एकदाही समोर येत नाही आणि तरीही त्याचे सर्वांत स्पष्ट चित्र मला याच पानांत दिसले. पहारेकरी परक्याकडे ज्या नजरेने पाहतात ती नजर राजाची आहे. शेवटचा पोलादी दरवाजा घडवणारा कारागीर कोण, हे कळले की क्षणभर थांबायला होते : ज्याचे नाव आता माएग्लिन असे लिहिले आहे, तोच भाचा.

ॲलन ली यांची चित्रे कथेला साजेशी आहेत. धुक्यातले कडे आणि त्यांच्या आतली नगरी ते जलरंगात फार संयमाने रंगवतात. लढाईपेक्षा दगड आणि प्रकाश त्यांना अधिक जवळचे आहेत. शेवटी दिलेला नकाशा आणि नावांची सूची यांच्याशिवाय नवख्या वाचकाचे भागणार नाही, कारण एकाच पात्राचे नाव पाठागणिक बदलते.

टॉल्किन यांचे याआधी काहीच वाचले नसेल तर सुरुवात येथून करू नये. टॉल्किन यांच्याच 1977 च्या ‘सिल्मरिलियन’ या पुस्तकातील गोंडोलिनचे छोटे प्रकरण ज्याला अपुरे वाटले असेल, त्याने हे पुस्तक अवश्य घ्यावे आणि माझ्या मते छापलेल्या क्रमाने वाचू नये. आधी 1951 चा पाठ वाचावा. सातवा दरवाजा ओलांडून टुओर बर्फाने वेढलेल्या त्या नगरीकडे पाहतो आणि मजकूर तुटतो, तेथून थेट मागे येऊन 1916-17 ची कथा राजाच्या भेटीपासून पुढे वाचावी. मधले दोन पाठ सवडीने पाहता येतील.