ठरावीक कॅशे की लवचीक कॅशे?

डिस्कवरचा डेटा पुन्हा लवकर मिळावा म्हणून त्याची प्रत रॅममध्ये ठेवतात, ती डिस्क कॅशे. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात हे काम स्मार्टड्राइव्ह हा प्रोग्रॅम करे, आणि कॅशेला किती रॅम द्यायची ते तो सुरू होतानाच ठरे. ४ एमबीच्या संगणकात १ एमबी तिकडे गेली, की डॉसच्या प्रोग्रॅमला कमी पडली तरी परत मिळत नसे. विंडोज ३.१ सुरू झाल्यावर कॅशे ठरलेल्या आकड्यापर्यंत घटे, एवढीच सवलत.

लिनक्स उलट वागतं. वाचलेल्या फाइलींची पानं (मेमरीतले छोटे तुकडे) ते मोकळ्या रॅममध्ये राहू देतं आणि प्रोग्रॅमने मेमरी मागितली की सोडतं. न बदललेली पानं लगेच टाकता येतात, मूळ प्रत डिस्कवर असतेच. बदललेली मात्र आधी लिहावी लागतात. संथ पेनड्राइव्हवर मोठी फाइल टाकताना गाडी अडते ती इथेच. कॅशेतली बहुतेक रॅम लागेल तेव्हा परत मिळते, म्हणून मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या ‘फ्री’ कमांडमध्ये ‘फ्री’चा रकाना लहान दिसला तर घाबरू नका, ‘अव्हेलेबल’ बघा. आणि कॅशे मुद्दाम रिकामी करत बसू नका, सगळं पुन्हा डिस्कवरूनच वाचावं लागेल.

घरच्या संगणकाला माझ्या मते लवचीक पद्धतच हवी. डेटाबेसचं वेगळं: पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रोग्रॅम स्वतःची ठरावीक कॅशे सुरुवातीलाच राखून ठेवतो. पण तिथेही नेहमीचा सल्ला रॅमच्या पाव हिश्श्याचा. बाकीची रॅम कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या हाती.