रुग्णालयातील दुभाषी सेवा: रत्नागिरी तालुक्यातील एका उपक्रमाविषयी अभिप्राय

रत्नागिरी तालुक्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने परराज्यांतून आणि नेपाळमधून कामासाठी आलेल्या रुग्णांकरिता दुभाषी सेवा सुरू केली आहे. मी निवृत्त आरोग्यसेविका असून आमच्या वाडीच्या आसपास राहणाऱ्या कामगार कुटुंबांबरोबर तेथे अनेकदा गेले आहे. पुढे काही रुग्णांच्या प्रकृतीचा उल्लेख येणार असल्यामुळे रुग्णालयाचे आणि कोणत्याही व्यक्तीचे नाव येथे दिलेले नाही. ही सेवा आवर्जून वापरावी अशी आहे, हे माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. तिच्यातील उणिवाही लहान नाहीत आणि त्या सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

पावसाळा सरला की हापूसच्या बागांमध्ये राखणीला आणि फवारणीला नेपाळी माणसे येतात. सर्वजण त्यांना सरसकट गुरखे म्हणतात, मग ते नेपाळच्या कोणत्याही भागातले असोत. मासेमारी बंदरांवर नौकांवरचे खलाशी नेपाळ, कर्नाटक आणि उत्तर भारतातून आलेले असतात, तर चिरेखाणींवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणींवर, विजापूरकडची कानडी आणि लमाणी कुटुंबे मुलाबाळांसह राहतात. १९५० च्या भारत–नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला येथे येण्यासाठी व्हिसा लागत नाही; त्यामुळे तो येतो आणि जातो, पण आरोग्य खात्याच्या कोणत्या नोंदवहीत सापडेलच असे नाही. यांपैकी बहुतेकांना बाजारापुरते हिंदी येते. भाव विचारणे, पगार ठरवणे एवढे त्यात भागते. छातीत नेमके काय होते किंवा पाळी किती दिवस चुकली आहे, हे त्यात सांगता येत नाही.

आजवर अशा रुग्णांचे बोलणे डॉक्टरांपर्यंत कोण पोहोचवत होते? खाणीवरचा मुकादम, नौकेवरचा तांडेल (नौकेचा प्रमुख), बागायतदार, नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन मराठी शिकलेले त्यांचेच मूल. यांतील बहुतेकजण मदत म्हणूनच येतात, हे मला मान्य आहे. परंतु ज्याच्या हातात मजुरी आहे त्याच्यासमोर कामगार आपले दुखणे पूर्ण सांगत नाही, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलीला आईच्या अंगावरून जाण्याबद्दल डॉक्टरांसमोर बोलायला लावणे हा त्या दोघींवरही अन्याय आहे. अमेरिकेत २००३ साली ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात ग्लेन फ्लोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालरुग्णांच्या तपासणीतील संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले होते. एकेका तपासणीत दुभाषाकडून सरासरी ३१ चुका झाल्या होत्या, आणि उपचारावर परिणाम होऊ शकेल अशा चुकांचे प्रमाण ऐनवेळी उभ्या केलेल्या दुभाषांमध्ये अधिक होते. तेथे २०१६ च्या नियमांनी आणीबाणीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरण्यास मनाई केली. आपल्याकडे हे मूल शाळा बुडवून आले आहे, याचीही कोणी दखल घेत नाही.

या सेवेचे सर्वांत मोठे मोल मला असे वाटते, की येथील दुभाषी ना मालकाची असते ना घरातली. नेपाळीसाठी असलेली तरुणी रत्नागिरीतच वाढली आहे, मराठी माध्यमातून बारावीपर्यंत शिकली आहे आणि रुग्णालयाने तिला शरीराचे भाग, आजारांची नावे, औषधांच्या वेळा आणि गोपनीयता यांचे प्रशिक्षण दिले आहे. रुग्णाकडून यासाठी एक पैसाही घेतला जात नाही. ती डॉक्टरांच्या बाजूला न बसता रुग्णाच्या शेजारी, किंचित मागे बसते, त्यामुळे डॉक्टरांना रुग्णाकडे पाहूनच बोलावे लागते. रुग्ण ‘माझे दुखते’ म्हणाला तर तीही ‘माझे दुखते’ असेच सांगते; स्वतःचा अंदाज त्यात मिसळत नाही. काही शंका असेल तर ‘हे मी विचारते आहे’ असे दोघांनाही स्पष्ट करून मगच विचारते.

शेजारच्या बागेतील सात महिन्यांच्या गर्भवतीबरोबर मी गेले होते तो प्रसंग तिच्या परवानगीने लिहिते. तिचे रक्त कमी होते. लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, या डॉक्टरांच्या प्रश्नाला नवऱ्याने होकार दिला आणि तिनेही मान डोलावली. इतरत्र तपासणी येथेच आटोपली असती. दुभाषी तरुणीने मात्र गोळ्यांची पट्टी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, “बहिनी, अब तपाईं भन्नुस् त, कसरी खानुहुन्छ?” (ताई, आता तुम्हीच सांगा, गोळी कशी घेता?) तेव्हा ती गोळी रोज सकाळी दुधाच्या चहाबरोबर घेते, आणि शौचाला काळे झाले की घाबरून चार-पाच दिवस बंद ठेवते, हे समजले. चहामुळे लोह अंगी लागत नाही, काळा रंग गोळीमुळेच येतो आणि त्यात भिण्यासारखे काही नाही, हे डॉक्टरांनी सांगितले. मग तिने ते आपल्या शब्दांत परत सांगून दाखवेपर्यंत दुभाषी थांबली. गरोदरपणात १८० दिवस गोळ्या द्याव्यात असा सरकारी कार्यक्रम आहे. मी स्वतः नोकरीत असताना अशा पट्ट्या वाटल्या आहेत, त्यामुळे या पाच मिनिटांची किंमत मला ठाऊक आहे.

त्यानंतर दुभाषी तरुणीने नवऱ्याला केसपेपरवर शिक्का आणण्यासाठी बाहेर पाठवले. तो गेल्यावर बाईने खालच्या आवाजात सांगितले की मागच्या बाळंतपणात तिला फार रक्तस्राव झाला होता. परपुरुषच काय, नवऱ्यासमोरही हे बोलायचे नसते अशी तिच्या घरची रीत. या एका माहितीने डॉक्टरांचे सगळे नियोजन बदलले, कारण अशा बाईचे बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच व्हायला हवे.

नुसते भाषांतर आणि सांस्कृतिक मध्यस्थी यांतील फरक येथे दिसतो. इटलीच्या १९९८ च्या स्थलांतरविषयक कायद्यात सांस्कृतिक मध्यस्थांचा उल्लेख आहे. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला तेथील व्यवस्था समजावणे आणि व्यवस्थेला तो माणूस समजावणे, हे त्यांचे काम. आमच्या या रुग्णालयात ते छोट्या प्रमाणात होत आहे. बाळंतिणीला ज्वानोचा झोल, म्हणजे ओव्याचा रस्सा, द्यायची नेपाळी पद्धत आहे. तो खुशाल द्यावा, पण तेवढ्यावर तिला ठेवू नये, असे येथे सांगितले जाते. आंब्याचा हंगाम संपला की गावी जायचे ठरलेले असते, आणि आठव्या-नवव्या महिन्यात अनेक दिवसांचा रेल्वे व बसचा प्रवास ही बाई करणार होती. डॉक्टरांनी ते विचारले नव्हते. दुभाषीने विचारले, आणि मग प्रसूती येथेच करण्याबद्दल नवराबायको दोघांशी नीट बोलणे झाले.

खलाशांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी बिकट होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि मे अखेरीस नौका रिकाम्या होतात. क्षयरोगाचे औषध साधारण सहा महिने घ्यावे लागते; मार्चमध्ये सुरू झालेला उपचार अशा वेळी मध्येच तुटण्याची भीती असते. भारतातल्या भारतात ‘नि-क्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतील नोंद दुसऱ्या जिल्ह्याकडे वळवता येते. नेपाळला जाणाऱ्याच्या हाती मात्र उपचाराचा तपशील लिहिलेला कागद द्यावा लागतो, आणि तो का जपायचा हे त्याला पटावे लागते. उपचार सुरू करतानाच ‘घरी कधी जाणार?’ हा प्रश्न येथे विचारला जातो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. नेपाळीची लिपी देवनागरीच असल्यामुळे औषधांच्या वेळांचे नेपाळी कार्ड आपल्या फार्मासिस्टलाही वाचता येते. ही सोय साधी असून उपयोगी आहे.

आता उणिवा. सेवा केवळ सकाळच्या बाह्यरुग्ण विभागापुरती आहे. फुरसे चावणे, विंचू डसणे, नौकेवरच्या दोर ओढणाऱ्या यंत्रात (विंचमध्ये) हात सापडणे हे दुपारनंतर आणि रात्रीही घडते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, पण औषध लवकर मिळण्यावर सारी भिस्त असते. दंश होऊन किती वेळ झाला, आधी कोणी काही दिले का, हे प्रश्न पहिल्या काही मिनिटांत विचारायचे असतात, आणि नेमके तेव्हा रुग्णालयात दुभाषी नसते. निदान रात्रीसाठी दूरध्वनीवर कोणीतरी उपलब्ध असावे. ऑस्ट्रेलियात दूरध्वनीवरील दुभाषी सेवा १९७३ पासून आहे; म्हणजे ही कल्पना नवीन नाही आणि अवघडही नाही.

कानडीसाठी सध्या दूरध्वनीच आहे, परंतु फोन स्पीकरवर ठेवून मार्गिकेत बोलणे होते. बाकावर बसलेल्या सर्वांना ते ऐकू जाते, आणि स्त्रीरोगाच्या तपासणीत हे मला अजिबात मान्य नाही. शिवाय चिरेखाणींवरच्या वयस्क लमाणी बायकांना कानडीही बेताचेच येते. त्यांची बोली जाणणारे कोणी नाही. औषधखिडकी आणि रक्ततपासणीच्या खोलीत दुभाषी येत नाही, त्यामुळे उपाशीपोटी यायचे की जेवून, यावरून गोंधळ होतो. सेवेची माहिती देणारा फलक मराठी आणि इंग्रजीत आहे. ज्यांच्यासाठी तो लावला त्यांनाच तो समजणार नाही. शस्त्रक्रियेचे संमतिपत्रही केवळ मराठीत आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देण्याचा हक्क मांडलेला आहे, तेव्हा निदान नेपाळी आणि कानडी संमतिपत्र छापून घेणे हे रुग्णालयाचे कर्तव्यच ठरते. नेपाळी ही १९९२ पासून, कोकणीबरोबरच, आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे.

भाषांतराची ॲप्स असताना माणूस कशाला, असे काहीजण विचारतात. पत्ता विचारायला, ‘कुठे दुखते’ एवढे समजायला ती उपयोगी आहेत आणि रात्री दुसरे काहीच नसेल तर जरूर वापरावीत. नवऱ्याला शिक्का आणायला बाहेर पाठवावे, हे ॲपला सुचत नाही.

जाणाऱ्यांनी केसपेपर काढतानाच आपली भाषा सांगावी, म्हणजे क्रमांक त्याप्रमाणे लागतो. आधीची कागदपत्रे, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि फवारणीनंतर त्रास झाला असल्यास फवाऱ्याच्या औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल बरोबर न्यावे. बागायतदार, नौकामालक आणि मुकादम यांना माझी विनंती आहे की आपल्या माणसाला वाहनाने जरूर पोहोचवावे, त्या दिवसाची मजुरी कापू नये, आणि तपासणीच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसावे.