२५ लिटरचा ग्लासलाइन गिझर आणि सोलापूरचं बोअरचं पाणी

गिझर घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक दुकानात दोन गोष्टी हमखास विचारतं, टाकीची वॉरंटी किती आणि स्टार किती. टाकीच्या पोटात मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड, म्हणजे टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी असते, तो सहज बाहेर काढता येतो का, हे विचारणारा मला क्वचितच भेटला. सोलापुरात गिझर किती टिकणार हे बऱ्याच अंशी त्या रॉडवर ठरतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी प्लंबिंग आणि गिझर दुरुस्तीची कामं करतो, राहतो जुळे सोलापुरात. गेल्या दिवाळीच्या तोंडावर घरी २५ लिटरचा, २ किलोवॅटचा, आतून काचेचा मुलामा असलेल्या लोखंडी टाकीचा गिझर बसवला. आता श्रावण लागलाय. मधे हिवाळा झाला, उन्हाळा झाला आणि गिझर एकदा पूर्ण उघडूनही पाहिला.

आधी पाण्याचं बोलू. उजनीचं पाणी नळाला येतं ते काही दिवसांआड. आलं की हौद भरायचा, वरची टाकी भरायची, ते संपलं की बोअर चालू. आपल्याकडे जमिनीखाली काळा खडक, त्यातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. गार पाण्यात ते विरघळलेले असतात म्हणून डोळ्याला दिसत नाहीत. पाणी तापलं की त्यांचा पांढरा थर कॉइलवर चढतो, आणि जितकं जास्त तापवाल तितका जास्त. म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापल्यावर कॉइल बंद व्हावी ते ठरवणारा भाग, पहिल्यापासून ६० अंशांच्या आसपास ठेवला. ७५ वर तापवायचं आणि मग त्यात अर्धी बादली गार पाणी ओतायचं, यात वीजही जाते आणि कॉइलही. फार खाली आणणंही बरं नाही, कारण साठलेल्या कोमट पाण्यात लिजनेलासारखे जंतू वाढतात.

हिवाळ्यात गिझरने मनापासून काम केलं. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण १.१६ युनिट वीज आणि २ किलोवॅटच्या कॉइलला पस्तीसेक मिनिटं लागतात. घरचा अनुभव त्याच्या जवळपासचाच. तेवढ्या पाण्यात गार मिसळलं की अंघोळीजोगं पन्नासेक लिटर, म्हणजे तीन बादल्या होतात. चौथ्या माणसाला दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते त्या दिवसांत घरी पाहुणे होते, तेव्हाही नंबर लावून सगळ्यांचं नीट झालं. पाणी टाकीत ऊनही बराच वेळ राहतं. रात्री तापवून बंद केला तर पहाटे हात धुवायला, भांड्याला पुरतं.

धंद्यात सगळ्यात जास्त फोन येतात ते सेफ्टी व्हॉल्व्ह टपकतो म्हणून. "ओ मिस्त्री, नवा गिझर आणि पहिल्याच दिवशी गळायला लागला की!" मी सांगतो, "काकू, गळत नाही. पाणी तापलं की फुगतं, ते जास्तीचं पाणी तिथून बाहेर येतं." २० वरून ६० अंशांवर जाताना पाणी दीड टक्का वाढतं. २५ लिटरमागे जवळपास चारशे मिली. आत येणाऱ्या लाइनला नॉन-रिटर्न, म्हणजे एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे ते मागे जाऊ शकत नाही. तापताना टपकलं आणि बंद झाल्यावर थांबलं, तर व्हॉल्व्ह बरोबर आहे. गार असतानाही टपकत राहिला तर व्हॉल्व्ह टेकून बंद होतो त्या सीटमध्ये खार अडकलाय, खोलून धुवा नाहीतर बदला. होटगी रोडच्या एका घरात त्या तोंडात कापूस कोंबून वरून एम-सील लावलेलं पाहिलं. ते काढेपर्यंत मी मेन स्विचला कोणाला हात लावू दिला नाही. अशा गिझरचा थर्मोस्टॅट चिकटला आणि पाणी फार तापलं की वीज तोडणाऱ्या कटआउटनेही दगा दिला तर टाकी फुटते, आणि ती अंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर असते. तिथे बूच मारू नका. बारीक नळी जोडून मोरीत सोडा, आणि नळीचं तोंड उघडं ठेवा.

होळीनंतर आमच्याकडे गिझर बंद असतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचंच पाणी दुपारी हाताला चटका देतं. पण बटण बंद आहे म्हणून रॉड झिजायचा थांबत नाही. तो टाकीच्या लोखंडाऐवजी स्वतः गंजतो, त्याला विजेची गरज नाही, पाण्यात बुडालेला असला की पुरे. उन्हाळ्यात नळाचं पाणी लांबलं आणि गिझरमध्ये सगळं बोअरचंच भरलेलं राहिलं. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर चालू केला तर गरम पाण्याला कुजक्या अंड्याचा वास. बरीच मंडळी इथे कंपनीला शिव्या देतात किंवा ड्रेनेज तपासतात. पाणी बरेच दिवस साचलं की सल्फेटवर जगणारे जंतू वाढतात, मॅग्नेशियमचा रॉड त्यांना मदतच करतो, आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. टाकी पूर्ण रिकामी केली, ताजं पाणी भरून थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवून तापवलं, ते सगळं सोडून दिलं. परत एकदा तसंच केलं आणि वास गेला.

तेव्हाच खालची फ्लँज, म्हणजे कॉइल बसवलेलं नटबोल्टचं झाकण, उघडली. मेन बंद, लाइन बंद, पाणी सोडून दिलं, नट सैल केले. कॉइल खाली ओढली तशी बादलीत करड्या-पांढऱ्या खपल्या पडल्या, पापडाच्या चुऱ्यासारख्या. कॉइलवर नखाने उचलावा एवढा थर, वाकाच्या आतल्या बाजूला जास्त. रॉड मात्र बघण्यासारखा होता. नवा असताना बोटभर जाड आणि गुळगुळीत, आता अंगावर खड्डेच खड्डे, आणि एका जागी आतली लोखंडी तार उघडी पडलेली. टाकीच्या मुलाम्यावर बॅटरी मारून पाहिलं, कुठे तांबूस ठिपका नाही. म्हणजे रॉडने त्याचं काम केलं होतं. सहसा दोनेक वर्षं चालेल असं सांगतात, पण नुसत्या बोअरवर मी दर पावसाळ्याच्या तोंडाला बघायला सांगेन.

कॉइल कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड टाकून बुडवून ठेवली, किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं तेच. फेस येऊन थर मऊ झाला, प्लास्टिकच्या ब्रशने निघाला. फरशीचं ॲसिड वापरणारे मिस्त्री आहेत, मी वापरत नाही. कॉइलचा धातू खातं आणि टाकीत राहिलं तर जिथे मुलामा उडालाय तिथे लोखंड धरतं. फ्लँजखालची गॅस्केट, म्हणजे पाणी झिरपू न देणारी चकती, नवी टाकली. जुनीच परत बसवली की आठ दिवसांत फ्लँज झिरपते.

तक्रारी दोन आहेत. रॉड कॉइलच्याच फ्लँजवर बसवलाय, त्यामुळे तो बदलायला सगळं उघडावं लागतं. स्वतंत्र नटाचा असता तर घरमालकालाही जमलं असतं. दुसरं, सर्व्हिसला फोन केला तर म्हणे रॉड वॉरंटीत येत नाही आणि बदलायची गरजही नाही. त्याच कंपनीच्या वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान वगळलंय. मग गिऱ्हाईकाने करायचं तरी काय? रॉड शेवटी बाहेरून, लांबी आणि आटे मोजून आणला.

बिघाड शोधताना घाईने कॉइल बदलू नका. लाइट लागते पण पाणी गारच, तर वीज तोडून कॉइलला मल्टिमीटर लावा. २ किलोवॅटची कॉइल २६ ओहमच्या आसपास दाखवायला हवी. काहीच दाखवत नसेल तर ती तुटली. बाथरूमचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, पडतो तेव्हा कॉइलच्या नळीला बारीक चीर जाऊन पाणी आत शिरलेलं असण्याची शक्यता जास्त. पाणी तापत असताना टाकीतून कडकड आवाज येतो तो खाराचा. थर्मोस्टॅटच्या नळीवर खार बसला की त्याला उशिरा कळतं आणि कटआउट पडतो. तो नुसता दाबून दाबून गिझर चालवणं धोक्याचं आहे. अर्थिंगशिवाय तर मी गिझर जोडतच नाही, मालक कितीही म्हणाला तरी.

हिवाळ्यात आमच्या धंद्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. पहाटे पाचला फोन, "मामा, पोराची परीक्षा आहे, आत्ता या." उन्हाळ्यात तेच हात कूलरच्या पंपात, आणि तिथेही हाच खार. माझी सगळी हत्यारं या पाण्याने पांढरी झाली आहेत.

जमत असेल तर गिझरच्या लाइनला लहान वेगळी टाकी ठेवून त्यात फक्त नळाचं पाणी भरा. मी उन्हाळा संपताच तसं केलंय, आणि आता कडकड आवाज येत नाही. घरात दोनच माणसं असतील तर १५ लिटर पुरे. गावातल्या जुन्या माळवदाच्या घरात मात्र २५ लिटर टांगायच्या आधी भिंत ठोकून बघा. पाण्यासकट ३५ किलोच्या पुढे वजन जातं आणि दगड-मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही. तिथे जमिनीपासून लोखंडी अँगलचा स्टँड उभा करून त्यावर बसवावा लागतो.