गूल्डचा मोत्झार्ट: आठ महिने ऐकल्यानंतर

ग्लेन गूल्ड या कॅनेडियन पियानोवादकाने अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार मोत्झार्ट याच्या पियानो सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठी लिहिलेल्या अनेक भागांच्या रचना, १९६५ ते १९७४ या काळात ध्वनिमुद्रित केल्या. त्यांचा चार सीडींचा संच मी गेल्या फेब्रुवारीत मागवला. तेव्हापासून ऑक्टोबर संपेपर्यंत, म्हणजे नागपूरचा अख्खा उन्हाळा आणि पावसाळा, तो आमच्या धरमपेठेतल्या घरी आठवड्यातून तीन-चार वेळा तरी वाजला. पहिल्या पंधरवड्यात लिहायला बसले असते तर हे लिखाण चार ओळींत संपले असते आणि त्या चारही ओळी रागाच्या असत्या. तेव्हा लिहिले नाही, हे बरे झाले.

ऐकणारे कोण होते हे आधी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे मतभेद त्यातूनच आलेले आहेत. माझी लेक सहा वर्षांपासून सदरमधल्या एका शिक्षिकेकडे पियानो शिकते आणि यंदा तिच्या परीक्षेच्या तुकड्यांत मोत्झार्टचा तुर्की रोंडो (रोंडो म्हणजे मुख्य धून पुन्हा पुन्हा परत येणारी रचना) होता. मी स्वतः विशारदपर्यंत ख्याल शिकले. पियानो मला फक्त ऐकण्यापुरता कळतो. माझे सासरे पन्नास वर्षे हार्मोनियम वाजवत आले आहेत. शेजारचे एक निवृत्त प्राध्यापक जुन्या तबकड्या जपून ठेवतात. ते रविवारी संध्याकाळी येऊ लागले आणि लेकीच्या मिससुद्धा महिन्यातून एखाद्या रविवारी येऊ लागल्या. असे आम्ही पाच जण.

वस्तूबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. डबीच्या आतले दात येतानाच तुटलेले होते, त्यामुळे दोन सीडी कायम सुट्या फिरतात. विक्रेत्याने बदलून देतो म्हटले आणि दिले नाही. ध्वनी मात्र स्वच्छ आहे. माइक पियानोच्या अगदी जवळ ठेवल्यासारखा वाटतो, सभागृहाचा घुमारा जवळपास नाहीच, आणि गूल्ड स्वर लांबवणारे पायाचे पेडल इतके कमी वापरतो की प्रत्येक स्वर सुटा, कोरडा, कडा असलेला येतो. त्याची दुसरी सवय म्हणजे वाजवताना तो गुणगुणतो. हेडफोन लावले की ती गुणगुण कानाशी बसल्यासारखी ऐकू येते आणि पहिल्या आठवड्यात मला तिचा फार त्रास झाला. एप्रिल-मे महिन्यांत तो प्रश्न आपोआप सुटला, कारण कूलर सुरू असताना गूल्डची गुणगुण काय, डाव्या हाताचे हलके स्वरही ऐकू येत नाहीत. ज्यांना ही ध्वनिमुद्रणे मन लावून ऐकायची आहेत त्यांनी नागपुरात ती पहाटे पाचला, कूलर बंद करून ऐकावीत, असा माझा अनुभव आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. संचातली सर्वांत वादग्रस्त रचना म्हणजे ए मेजर या स्वरसप्तकातली सोनाटा, के. ३३१ (‘के.’ म्हणजे मोत्झार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). ती १७८४ साली व्हिएन्नात छापली गेली. तिच्या पहिल्या भागात एक साधी, झुलणारी चाल आहे आणि त्या चालीवर सहा व्हेरिएशन्स, म्हणजे तिचीच सहा बदलती रूपे, आहेत. तिसरा आणि शेवटचा भाग म्हणजे तो प्रसिद्ध तुर्की रोंडो, ज्याची धून मोबाइलच्या रिंगटोनपासून लिफ्टपर्यंत सगळीकडे वाजून गुळगुळीत झालेली आहे. गूल्ड सुरुवातीची चाल इतकी संथ वाजवतो की ती चाल राहतच नाही. कोणी सुपात तांदूळ घेऊन एकेक दाणा बाजूला सारावा, तसे स्वर येतात. पुढच्या प्रत्येक व्हेरिएशनमध्ये तो लय थोडी थोडी वाढवत नेतो, आणि ही वाढ त्याने ठरवून केलेली आहे. अडचण पाचव्या व्हेरिएशनपाशी येते. तिथे मोत्झार्टने स्वतः ‘अडाजिओ’, म्हणजे सावकाश, असा शब्द लिहिलेला आहे. पण गूल्डची गाडी तोवर वेगात आलेली असल्यामुळे तो ते व्हेरिएशनही चालत्या लयीतच वाजवून टाकतो.

मिस त्या दिवशी स्वरलिपीचे पुस्तक मांडीवर उघडून बसल्या होत्या. पाचवे व्हेरिएशन सुरू झाल्यावर त्यांनी पेन्सिलचे टोक त्या छापील शब्दावर ठेवले आणि व्हेरिएशन संपेपर्यंत ते तसेच ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, हा शब्द मग छापला तरी कशाला?”

रोंडो लागला तेव्हा लेक उठून उभीच राहिली. तिच्या बोटांत तो तुकडा चार महिन्यांपासून होता, आणि गूल्ड तो जवळजवळ निम्म्या वेगाने, एखाद्या जाड शिपायाने दमून कवायत करावी तसा वाजवत होता. तिने टेबलाच्या कडेवर बोटांनी खरी लय वाजवून दाखवायला सुरुवात केली. सासरे मात्र खुर्चीत पुढे झुकून ऐकत होते. प्राध्यापक म्हणाले, “हा माणूस वाजवून राह्यला की शिकवून राह्यला?” त्यावर सासऱ्यांचे उत्तर असे की, शिकवत असेल तर बरेच आहे, कारण या धुनेत डावा हात काय करतो हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आले.

त्या संध्याकाळी मतांची जी विभागणी झाली ती पुढचे दोन-तीन महिने जवळपास तशीच राहिली, आणि तिचा संबंध आवडीनिवडीपेक्षा बोटांशी अधिक होता. ज्यांनी ती रचना स्वतः घोटलेली होती ते दुखावले गेले. ज्यांनी ती फक्त ऐकलेली होती ते रमले. सासऱ्यांचा युक्तिवाद आपल्या संगीतातून आलेला होता: बंदिश एकच असते, पण एक बुवा ती विलंबितात मांडतो, दुसरा मध्यलयीत, आणि तेवढ्यावरून कोणी कोणाला कोर्टात खेचत नाही. युक्तिवाद गोड आहे, पण मला तो पटत नाही. आपली बंदिश हा सांगाडा असतो आणि बढत गाणाऱ्याची असते. मोत्झार्टने मात्र स्वर, त्यांची लांबी, कुठे हळू आणि कुठे जोरात, हे बरेच काही कागदावर लिहून ठेवलेले आहे. गूल्डने बंदिश वेगळ्या लयीत मांडली असे म्हणण्यापेक्षा, त्याने दुसऱ्याची संपूर्ण बढत घेऊन तिची लय बदलली असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. ते धाडस बरेच मोठे आहे, म्हणून त्याचा रागही मोठा येतो.

जवळची तुलना करायचीच असेल तर ती कुमार गंधर्वांच्या ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमाशी करावी लागेल. तिथेही पदे ठरलेली होती, श्रोत्यांच्या कानांत बालगंधर्वांच्या जागा पक्क्या बसलेल्या होत्या, आणि कुमारांनी त्या जागांची नक्कल न करता आपल्याला त्यांत काय दिसले ते गाऊन दाखवले. पण कुमारांच्या गाण्यात बालगंधर्वांवरची माया ऐकू येते. गूल्डचे तसे नव्हते. मोत्झार्ट फार लवकर गेला असे जग म्हणते, तर गूल्डचे म्हणणे असे की तो लवकर नव्हे, उशिरा गेला. आणि १९६८ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर त्याने मोत्झार्ट वाईट संगीतकार कसा झाला या विषयावर एक कार्यक्रमच केला होता. प्राध्यापकांनी एका रविवारी ही माहिती दिली आणि खोलीतली हवाच बदलली. मिस म्हणाल्या, ज्याला हा संगीतकार आवडत नाही त्याने याच्या इतक्या सोनाटा ध्वनिमुद्रित का केल्या, हे आधी कोणीतरी सांगा. सासऱ्यांनाही तेव्हा बोलायला काही सुचले नाही.

पुढचे सहा महिने मी खरे तर मिसच्या त्याच प्रश्नाचे उत्तर शोधत ऐकत राहिले, आणि मला जे सापडले ते असे. गूल्डचे सगळे मोत्झार्ट सारखे नाहीत. १७७४-७५ च्या सुमारास, मोत्झार्ट अठरा-एकोणीस वर्षांचा असताना लिहिलेल्या पहिल्या सहा सोनाटा, म्हणजे के. २७९ ते के. २८४, गूल्डला मनापासून आवडत होत्या आणि तो तसे सांगतही असे. त्यांत दोन्ही हातांचे स्वर एकमेकांशी बोलत राहतात, आणि गूल्डचा सगळा जीव अशा गुंफणीत होता. त्याची ख्याती अशीच गुंफण करणाऱ्या जर्मन संगीतकार बाखमुळे होती, ती उगीच नव्हे. के. २८४ चा शेवटचा भाग, एका चालीवरची बारा व्हेरिएशन्स, मी या काळात किती वेळा ऐकला असेल ते सांगता येणार नाही. तिथे तीच कोरडी, सुटी बोटे आहेत, पेडल तितकेच कमी आहे, गुणगुणही आहे, पण ऐकणाऱ्याला चिमटा काढण्याचा हेतू कुठेच नाही. प्रत्येक व्हेरिएशनला वेगळे वळण मिळते आणि डाव्या हाताच्या साथीतून मधूनच एक छोटी धून वर येऊन पुन्हा साथीत मिसळते. जुलैतल्या एका रविवारी दिवे गेलेले असताना लेकीच्या छोट्या बॅटरीच्या स्पीकरवर आम्ही ती पूर्ण ऐकली आणि त्या दिवशी पाच जणांत एकही वाद झाला नाही. आमच्या घरातली ही घटना नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला ए मायनरमधली के. ३१० आहे. ही सोनाटा मोत्झार्टने १७७८ साली पॅरिसमध्ये लिहिली. त्याच वर्षी जुलैत त्याची आई त्याच शहरात वारली. पहिल्या भागावर ‘अलेग्रो माएस्तोसो’ असे लिहिलेले आहे, म्हणजे गती हवी पण तिच्यात भारदस्तपणाही हवा. गूल्ड त्यातली गती तेवढी उचलतो आणि तीही अशी की ऐकणाऱ्याचा श्वास लागतो. पहिली काही सेकंदे हे अंगावर येते, नंतर शिवणयंत्रासारखे वाटू लागते. मी याला आठ महिने संधी दिली. उन्हाळ्यात ऐकले, पावसात ऐकले, स्वरलिपी समोर ठेवून ऐकले. या भागापुरते माझे मत बदललेले नाही. या सोनाटासाठी मी आता रुमानियाचा पियानोवादक दिनू लिपात्ती याच्याकडे जाते. १९५० च्या सप्टेंबरात, मृत्यूला तीन महिनेही उरलेले नसताना, आजारी अवस्थेत त्याने फ्रान्समधल्या बेझान्सों इथल्या आपल्या शेवटच्या मैफलीत ही सोनाटा वाजवली होती आणि ते ध्वनिमुद्रण मिळते. तिथे भारदस्तपणा म्हणजे काय ते कळते.

प्राध्यापकांनी मध्यंतरी गूल्डच्या बेथोव्हेनची एक तबकडीही आणून ऐकवली. त्यात बेथोव्हेनच्या ‘अपासिओनाता’ या सोनाटाचा पहिला भाग, जो बहुतेक वादक नऊ-दहा मिनिटांत संपवतात, तो गूल्डने जवळपास पंधरा मिनिटे ताणलेला आहे. ही रचनाही त्याला आवडत नव्हती. तिथे मला पहिल्यांदा स्पष्ट जाणवले की न आवडणारी रचना हाती आली की गूल्ड एक तर तिला धावडवतो किंवा अशी थांबवून ठेवतो की तिचे सांधे उघडे पडावेत. तुर्की रोंडोचेही तेच आहे. तो भांडतो आहे, आणि भांडताना काही खरे मुद्देही मांडतो आहे.

त्यातला एक मुद्दा आमच्या घरी उपयोगी पडला, आणि हे मिसच्या समोर कबूल करणे लेकीला फार जड गेले. रोंडोच्या ए मेजरमधल्या भागात डाव्या हाताला झटक्याने एकापाठोपाठ उलगडणारे स्वर आहेत. तुर्की लष्करी बँडमधल्या ढोलाचा तो भास आहे. नेहमीच्या वेगात लेकीचे हे स्वर एकत्र चिकटून त्यांचा नुसता खडखडाट व्हायचा. जूनमध्ये तिने गूल्डच्या लयीत, त्याच्यावर तोंड वेडावत, महिनाभर तो भाग घोटला. मग वेग वाढवला तेव्हा ढोल ढोलासारखा वाजू लागला. परीक्षेत ती आपल्याच वेगात वाजवणार आहे, गूल्डच्या नाही. पण मिसनी तिच्या पुस्तकात त्या ओळीच्या शेजारी पेन्सिलीने एक छोटा ढोल काढून दिला आहे.

ज्यांना हा संच घ्यायचा आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. गूल्डने १९६४ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, मैफलीत वाजवणे कायमचे सोडले. त्यामुळे यातला एकही स्वर श्रोत्यांसमोर वाजलेला नाही. सगळे काम स्टुडिओतले, टेप जोडून सिद्ध केलेले आहे. हे ध्वनिमुद्रण घरात, एकट्याने किंवा भांडायला तयार असलेल्या चार माणसांसोबत ऐकण्यासाठीच केलेले आहे. मोत्झार्टची ओळख व्हायची असेल तर मात्र याच्यापासून सुरुवात करू नये. माझ्या एका मावसभावाला मी उत्साहाने हाच संच ऐकवला, आणि त्याची आता अशी पक्की समजूत झाली आहे की मोत्झार्ट हा संथ आणि चिडका माणूस होता. त्याला दुसऱ्या कोणाचा तरी मोत्झार्ट ऐकवायला हवा, पण तो आता आमच्याकडे चहालाही येत नाही. आधी इतर वादकांकडून या सोनाटा कानात बसू द्याव्यात आणि मग गूल्ड काढावा, तोही के. २८४ पासून. के. ३३१ घाईने लावू नये. लावलीच तर दोनदा लावावी, आणि त्या दोन वेळांत किमान एक महिना जाऊ द्यावा.

चारपैकी दोन सीडी सध्या प्लेअरच्या शेजारी असतात आणि के. ३१० असलेली कपाटात आहे. सुरुवातीच्या सोनाटांची सीडी मिस गणपतीच्या आधी दोन दिवसांसाठी म्हणून सदरला घेऊन गेल्या. दिवाळी होऊन गेली, ती अजून परत आलेली नाही.