पेट्रोलचं लॉन मोअर, दोन वर्षं वापरल्यावर: हॉर्सपॉवरच्या आधी कार्बोरेटरखालचा बोल्ट बघा

2024 च्या जूनमध्ये मी इतकी चिडले होते की ‘हे मशीन कुणीही घेऊ नका’ एवढंच लिहून मोकळी होणार होते. तेव्हा राहून गेलं. आज तसं लिहिणार नाही, पण तेव्हाचा सगळाच राग चुकीचा होता असंही नाही.

आमचं घर सोलापुरात विजापूर रोडला, सोरेगावच्या बाजूला. प्लॉट चौदा गुंठ्यांचा, त्यातल्या नऊ गुंठ्यांवर हरळीची लॉन. माझे सासरे, अण्णा, पहाटे त्यावर अनवाणी फिरतात. गवत घोट्याच्या वर गेलं की फिरणं बंद, कारण आत जनावर असलं तर दिसत नाही. आधी एक माणूस ब्रश कटर घेऊन यायचा. दोन दिवसांची मजुरी, वर लॉन कुठे टकली तर कुठे झुपकेदार. तो येईनासा झाला तेव्हा 2023 च्या जुलैत हे मशीन घेतलं. 21 इंची, फोर स्ट्रोक, स्वतः पुढे चालणारं. पन्नास हजारांच्या वर गेलं, आणि माझ्यासाठी ती लहान रक्कम नव्हती. बाकीची माहिती कुठेही मिळते, ती परत सांगत नाही.

पहिले सहा महिने काही म्हणजे काही तक्रार नव्हती. नऊ गुंठे सव्वा तासात, पेट्रोल पाऊण लिटरच्या आसपास. पहिल्या पाच तासांनंतर ऑइल बदला असं पुस्तिकेत होतं, ते बदललं. इंजिन सुरू करायची दोरी मी स्वतः ओढते. माझं वय बावन्न, दुसऱ्या ओढीला मशीन सुरू.

मग तो उन्हाळा आला. 2023 चा पाऊस कमी, उजनी धरणाचा साठा उणेत, म्हणजे वापरायच्या पातळीखाली गेलेला, नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी. प्यायच्या पाण्याची ही गत असताना लॉनला पाणी घालणं मला पटेना. जानेवारीतच बंद केलं. हरळी चिवट असते, वरून वाळते पण मुळाशी जिवंत राहते. मशीन मात्र टाकीत अर्धं पेट्रोल तसंच ठेवून शेडमध्ये गेलं. जूनमध्ये पाऊस पडला, गवत तरारलं, आणि मशीन काही केल्या चालू होईना. तीस-चाळीस वेळा दोरी ओढली. दुसऱ्या दिवशी खांदा वर होत नव्हता.

जिथून घेतलं तिथे फोन केला. आधी म्हणाले मशीन आणून टाका, मग म्हणाले आमच्याकडे फक्त विक्री, पुण्याला पाठवावं लागेल. तीन आठवड्यांनी निरोप आला: कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) गेला, पूर्ण बदलावा लागेल, 3,800 रुपये आणि मजुरी वेगळी. वॉरंटीचं विचारलं तर ‘इंधनामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही’. कुठलं इंधन? शहरातल्या पंपावरचंच ना? यावर उत्तर नाही. काय बिघडलंय ते दाखवा म्हटलं तर तेही नाही. मी मशीन परत मागवलं, आणण्या-नेण्याचे 900 रुपये मलाच पडले. या वागण्याचा राग आजही आहे. एवढं महाग यंत्र विकणाऱ्याकडे ते उघडून बघणारा एकही माणूस नसावा, हे मला मान्य नाही.

अशोक चौकाच्या बाजूला एक मिस्त्री आहेत. डाळिंबवाल्यांचे फवारणी पंप आणि लग्नातले जनरेटर दुरुस्त करतात, लॉन मोअर त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. ‘‘मालक, इंजिन इंजिनच असतंय की,’’ म्हणाले. पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीतून येणारं पेट्रोल थांबवायची चावी, बंद केला, कार्बोरेटरखालची वाटी दहाच्या पान्याने सोडवली आणि तशीच माझ्यासमोर धरली. तळाला पेट्रोलखाली पाण्याचे थेंब वेगळे दिसत होते, वाटी हलवली की साबुदाण्यासारखे इकडून तिकडे सरकत होते. कडेला पांढरट-हिरवा थर. मग पितळी जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोकाचं तोंड, काढून ट्यूबलाइटकडे धरला. भोकातून काहीच दिसेना. क्लीनरने धुतला, हवा मारली, पुन्हा धरला. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. त्या भोकात अडकलेल्या कचऱ्यासाठी मला 3,800 रुपये सांगितले होते. मिस्त्रींनी वायसरसकट 350 घेतले. तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं.

इथे माझं मत बदललं. मशीन वाईट नव्हतं, पाच-सहा महिने पेट्रोल भरून ठेवणं ही चूक होती. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, 2023 पासून ते टप्प्याटप्प्याने सगळीकडे आलं. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलंय. इथेनॉल हवेतली ओल धरून ठेवतं. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात, जड म्हणून तळाला बसतात, आणि जेटला पेट्रोल जातं ते नेमकं त्या तळातूनच. मोटारसायकल रोज चालते, टाकी आठवड्यात रिकामी होते, म्हणून तिथे हे सहसा कळत नाही. आमच्या हवेत लॉन मोअर वर्षातले चार-पाच महिने बंद असतं. माझे दीर माढ्याकडे ऊस करतात, इथेनॉलमुळे कारखान्याची बिलं वेळेवर निघाली तर मला आनंदच आहे. पण विकताना ‘ताई, हंगाम संपला की पेट्रोल काढून टाका’ हे एक वाक्य सांगायला काय हरकत होती?

म्हणून आता कुणी विचारलं की मी हॉर्सपॉवर नंतर बघायला सांगते. आधी खाली वाका आणि दोन गोष्टी बघा: टाकी आणि कार्बोरेटरच्या मध्ये पेट्रोलचा कॉक आहे का, आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा बोल्ट पान्याने सहज सोडता येतो का. मला दुकानात दाखवलेल्या एका स्वस्त मशीनला कॉकच नव्हता. गवत काढून झालं की मी इंजिन चालू ठेवूनच कॉक बंद करते. वाटीतलं पेट्रोल संपतं आणि इंजिन आपोआप बंद पडतं. फेब्रुवारीत टाकी पूर्ण रिकामी करून ते पेट्रोल स्कूटरमध्ये घालते, आणि वाटीत राहिलेले चार थेंब बोल्ट सोडून काढते. दहा मिनिटांचं काम.

स्वतः चालणारं मशीन घेणं ही चैन आहे असं मला पहिल्या वर्षी वाटायचं, तेवढे पैसे वाया गेले म्हणून घरात बोलूनही दाखवलं होतं. तेही मागे घेते. आमची जमीन काळी. पावसात चाकं रुततात, उन्हाळ्यात भेगा पडतात. कापलेल्या गवताची पिशवी भरली की मशीन ढकलून नेणं माझ्याच्याने झालं नसतं. ओलं गवत मात्र कापूच नये, पात्याखाली चिखल-गवताचा असा लगदा बसतो की दोरीसुद्धा जड लागते. तो काढायला मशीन आडवं करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा. मी एकदा उलट केलं, तर इंजिनातलं ऑइल त्या एअर फिल्टरमध्ये उतरलं आणि सुरू केल्यावर पांढरा धूर निघाला. पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढायची, म्हणजे इंजिन चुकून सुरू होत नाही, यात मी कधीच सूट घेत नाही. आणि इथल्या धुळीत फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या निम्म्यातच बघावा लागतो.

2025 ला पाऊस मे महिन्यातच आला. कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं, महिना संपायच्या आत लॉन हिरवी. चार महिने कोरडं ठेवलेलं मशीन बाहेर काढलं, पंपावरून ताजं एक लिटर आणलं, कॉक उघडला, मनात तीसपर्यंत आकडे मोजले आणि दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला सुरू. उंची एकदम उतरवली नाही, एका वेळी एक तृतीयांशच कापायची म्हणून आधी वरचं गवत काढलं आणि चार दिवसांनी खालचं. अण्णा दुसऱ्या दिवशी साडेपाचला चप्पल ओट्यावर काढून उतरले.

नवं पातं अजून सोलापुरात मिळालेलं नाही. जुन्याला धार लावून आणते आणि मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून बघते. एक बाजू खाली गेली की तीच बाजू पुन्हा थोडी घासायची.