मिनिएचर, धातूची नाणी आणि लाखेचा शिक्का: काही महिने वापरल्यावर

आमच्या गटात गेम मास्टर, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा, मीच असतो. पूर्वी आमचा रोल-प्लेइंग खेळ, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, निव्वळ तोंडी चालायचा. गेले काही महिने टेबलावर चौकटींची विनाइल मॅट, २८ मिमीच्या मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती), खेळातल्या पैशांसाठी धातूची नाणी आणि घरी बनवलेली पत्रं असा सगळा सरंजाम असतो. आता नुसत्या तोंडी खेळाकडे परत जावंसं वाटत नाही.

सगळ्यात जास्त रंगत आणली ती पत्रांनी, आणि खर्च जवळपास शून्य. कागद कोऱ्या चहात भिजवून वाळवायचा, मजकूर हाताने लिहायचा, घडी घालून लाख लावायची. पूर्वी मी पत्र वाचून दाखवायचो, मंडळी ऐकायची आणि पुढच्या खेपेपर्यंत विसरायची. आता पत्र हातात पडलं की शिक्का फोडायचा की नाही यावरूनच जुंपते. चोराचं पात्र खेळणाऱ्या मैत्रिणीने एकदा कागद दिव्यासमोर धरला, लाखेची कड नखाने चाचपली आणि ठरवलं, शिक्का तसाच ठेवून पत्र मालकाला परत करायचं! पुढचं सगळं कथानक तिथून वळलं. मी नुसतं वाचून दाखवलं असतं तर हा पर्याय निघालाच नसता.

मिनिएचरचा उपयोग लढाईत. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा प्रसिद्ध रोल-प्लेइंग खेळ १९७४ साली आला तोच मिनिएचर वापरून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांमधून, त्यामुळे त्यांना वरवरची सजावट म्हणणं मला पटत नाही. मॅटवरचा एक इंचाचा चौकोन म्हणजे खेळातले पाच फूट. ड्रॅगनच्या ज्वाळेत कोण सापडलं आणि खांबाआड कोण वाचलं, ते सगळ्यांना दिसतं, हुज्जत मिटते. रंगवण्यात तर मी पार रमतो. प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) आणि ॲक्रिलिक रंग झाले की वॉश, म्हणजे पातळ गडद रंग, चिलखताच्या खाचांत उतरतो, मग ड्राय ब्रशने, म्हणजे जवळपास कोरड्या ब्रशने, कडा उजळायच्या. तेवढ्यात चेहऱ्याला भाव येतो. मात्र वर बिनचमकीच्या वार्निशचा हात हवाच. सतत हाताळून तलवारीची टोकं आणि नाकं आधी उघडी पडतात. उचलताना बेसला धरायची सवय सगळ्यांना लावा.

मॅटवर रेघा काढायला वेट-इरेज, म्हणजे ओल्या फडक्याने पुसलं जाणारं पेनच वापरावं. लाल रेघा रात्रभर ठेवल्या तर डाग राहू शकतो. धातूचे फासे हातात फार छान लागतात, पण टेबलाला खोचे पाडतात. फेल्ट लावलेला ट्रे घ्या.

भिंती-दारांचे त्रिमितीय सेट मात्र मी आता क्वचितच काढतो. मांडामांडीत वेळ जातो, बसल्या जागेवरून पलीकडचं दिसत नाही. शिवाय एवढं मांडलंय म्हणजे इथे लढाईच होणार, असं खेळाडू गृहीत धरतात. बोलणी करून सुटायचा विचारच मग कोणी करत नाही.

नव्याने सुरू करत असाल तर आधी मूठभर नाणी आणि एक शिक्का घ्या. मिनिएचर हळूहळू, प्रत्येक खेळाडूच्या पात्रासाठी एकेक करून वाढवा. राक्षसांच्या जागी सध्या बटणं चालतील.