बॉलपार्क, रेन चेक आणि माझे २,४०० रुपये

मी पुण्यात खराडीला अकाउंट्स पेएबलमध्ये आहे. अमेरिकेतल्या क्लायंटची बिलं तपासायची आणि पेमेंटला सोडायची. शाळा कोल्हापूरची, मराठी माध्यमाची. इंग्रजी लिहिताना अडत नाही, फोनवर अडतं. ओहायोचे आमचे साहेब बिलाबद्दल बोलता बोलता एकदम मैदानात शिरतात, आणि मी हेडफोन लावून बाहेर तिकीट खिडकीपाशी उभी.

खेळांतून आलेल्या इंग्रजी वाक्प्रचारांचा कोर्स घेतला तो दोन प्रसंगांमुळे. एकदा साहेबांनी महिनाअखेरच्या तरतुदीचा ‘बॉलपार्क फिगर’ मागितला. मला वाटलं, हे एखाद्या रिपोर्टचं नाव असणार. चार तास खपून मी सेंटपर्यंत जुळवलेला आकडा पाठवला. त्यांना हवा होता फोनवरच, तोंडी, अंदाजे. दुसरा प्रसंग अजून ऑफिसात चघळला जातो. शुक्रवारच्या डेमोला या म्हटल्यावर ते म्हणाले, ‘आय विल टेक अ रेन चेक’. चेक म्हटलं की आमचा विभाग जागा होतो. मी व्हेंडरच्या यादीत ‘रेन’ शोधलं, दोन नावं निघाली, आणि यातल्या कोणाच्या नावाने चेक काढायचा ते कळवा असा मेल टाकून दिला. सीसीमध्ये सहा जण.

तर हा कोर्स: खेळांतून आलेले इंग्रजी वाक्प्रचार, आठ भाग, तीन-तीन मिनिटांचे व्हिडिओ, प्रत्येक भागाअखेर प्रश्नमंजूषा. २,४०० रुपये. मी पाचपैकी तीन तारे देते, आणि त्यातले दोन एकट्या बेसबॉलच्या भागाचे आहेत.

कारण तिथे त्यांनी आधी खेळ दाखवलाय. चार कोपऱ्यांवर चार बेस, पळणाऱ्याने क्रमाने प्रत्येकाला पाय लावत जायचं. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की ‘टच बेस’ म्हणजे जाता जाता भेटून-बोलून घेऊ, हे पाठ करावं लागत नाही. ‘स्टेप अप टू द प्लेट’मधली प्लेट म्हणजे जेवणाचं ताट नव्हे. बॅट घेऊन जिच्यापाशी उभं राहायचं ती जमिनीत बसवलेली पाचकोनी पट्टी. तिथे जाऊन उभं राहिलात, म्हणजे जबाबदारी अंगावर घेतलीत. आणि रेन चेक! १८८०च्या दशकात अमेरिकेत पावसाने सामना वाहून गेला की प्रेक्षकाला तिकिटाच्या अर्ध्या तुकड्यावर पुढचा सामना बघता येई. म्हणून ‘आज नको, पुन्हा कधीतरी’. हे ऐकलं आणि मी व्हिडिओ थांबवून त्या सहा जणांची नावं आठवत बसले.

बॉक्सिंगच्या भागात मात्र गाडी घसरली. ‘सेव्ह्ड बाय द बेल’साठी त्यांनी शवपेटीची गोष्ट सांगितलीय: माणूस चुकून जिवंत पुरला जाऊ नये म्हणून हाताला दोरी, वर घंटा वगैरे. इंटरनेटवर ही फार फिरते, पण वाक्प्रचार तिथून आलेला नाही. तो बॉक्सिंगचाच आहे. १८६७च्या क्वीन्सबेरी नियमांनी तीन मिनिटांची फेरी आणि मध्ये एक मिनिट विश्रांती ठरवून दिली. मार खाऊन टेकीला आलेल्याच्या कानावर फेरी संपल्याची घंटा पडली, की तेवढ्यापुरता तो वाचला. बॉक्सिंगच्या धड्यात बॉक्सिंगच सोडून स्मशानात जायचं काय कारण होतं?

मी खासबागेतल्या कुस्त्या बाबांच्या खांद्यावर बसून पाहिल्यात. मातीतल्या कुस्तीत घंटा वाचवायला येत नाही, पाठ लागली की संपलं. म्हणून आपल्या बोलण्यात घंटेने वाचलेला कोणी नसतो, चीतपट मात्र रोज कोणीतरी होतं. ‘थ्रो इन द टॉवेल’लाही माझी अशीच फसगत झाली. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून टॉवेल आत टाकला की जागा पक्की. तिकडे बॉक्सरच्या माणसाने रिंगणात टॉवेल टाकला, म्हणजे हार मान्य. पहिल्या प्रश्नमंजुषेत मी एसटीवाला अर्थ निवडला होता.

पत्त्यांच्या भागात ‘फॉलो सूट’ला चित्र काय, तर सुटाबुटातल्या साहेबामागून चालणारा दुसरा सुटाबुटातला साहेब. सासूबाई शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. त्यांना मी अर्थ सांगितला, पहिल्याने केलं तेच पुढच्याने करायचं. त्या म्हणाल्या, “अगं, मग ही मेंढीकोटातली उतारी झाली. पहिल्याने बदाम टाकला की हातात बदाम असेपर्यंत बदामच टाकायचा.” झालं! इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांतला प्रत्येक गट म्हणजे सूट. तीन मिनिटांच्या व्हिडिओला जे जमलं नाही ते शेंगा सोलता सोलता झालं. ‘ट्रम्प कार्ड’ला तर आपला हुकमाचा एक्का तयारच होता, पण व्हिडिओतल्या सरांना मेंढीकोट ठाऊक नसणार.

घोड्यांच्या शर्यतीचा भाग ठीक आहे. ‘हँड्स डाउन’ म्हणजे शरणागती असं मी समजत होते. खरं तर जिंकणं इतकं निश्चित की जॉकी लगाम सैल सोडून हात खाली घेतो, म्हणजे अगदी उलट. पुण्याच्या कॅम्पातल्या रेसकोर्सवरून इतकी वर्षं ये-जा करतेय, पण शर्यत एकदाही पाहिली नाही, त्याचा हा परिणाम.

क्रिकेटच्या भागाकडून माझ्या फार अपेक्षा होत्या. हॅट-ट्रिकची गोष्ट छान सांगितलीय: १८५८ मध्ये शेफिल्डला एच. एच. स्टीफन्सनने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, लोकांनी वर्गणी काढून त्याला हॅट घेऊन दिली. गुगलीचा जनक बोझांकेट, हेही आहे. (इथे मला आपल्या सदू शिंद्यांची आठवण झाली. भारताकडून सात कसोटी खेळलेले गुगलीवाले, आणि शरद पवारांचे सासरे. पवारांच्या राजकीय गुगलीवर विनोद करणाऱ्यांना घरातली खरी गुगली माहीत असावी.)

पण ‘नॉक्ड फॉर सिक्स’चा अर्थ कोर्समध्ये ‘मोठं यश मिळवणे’ असा दिलाय, आणि ही चूक मराठी माणसाला फार महागात पडेल. आपण षटकार म्हटलं की बॅट्समनच्या बाजूने बोलतो: तिने मुलाखतीत षटकार ठोकला. इंग्रज इथे बोलरच्या बाजूने बोलतो. ‘आय वॉज नॉक्ड फॉर सिक्स’ म्हणजे मी पार हादरून गेले, कोलमडले. बढतीच्या मेलला उत्तर म्हणून हे लिहिलंत, तर एचआर तुम्हाला समुपदेशनाला पाठवेल.

दुसरी मोठी उणीव म्हणजे कुठला वाक्प्रचार कोणापुढे वापरायचा, याचा एक शब्द नाही. मी हौसेने ओहायोच्या साहेबांना सांगितलं की त्या वाहतूकवाल्याच्या बिलांवरून आपण ‘स्टिकी विकेट’वर आहोत. पलीकडे शांतता. मग “ऑन अ व्हॉट?” पावसात भिजून उन्हात सुकत आलेली, चेंडू वेडावाकडा उडवणारी खेळपट्टी त्यांना मी फोनवर कशी समजावणार? आता खेळपट्ट्या झाकतात, तशी माझ्या मुलानेही कधी पाहिलेली नाही. क्रिकेटचे वाक्प्रचार लंडनला, बेसबॉलचे ओहायोला, एवढी चिठ्ठी जरी प्रत्येक भागावर डकवली असती तरी माझी ती दीड मिनिटं वाचली असती.

कोणी घ्यावा? अमेरिकन क्लायंट असतील आणि ऐकून समजण्यापुरतं हवं असेल, तर घ्या, सवलतीत १,५००च्या आत मिळाला तर नक्कीच. बोलताना वापरायला म्हणून घेणार असाल तर थांबा, निदान क्रिकेटचा भाग दुरुस्त होईपर्यंत.

घंटेची गोष्ट आणि षटकाराचा अर्थ, या दोन्हींबद्दल मी त्यांच्या सपोर्टला सविस्तर मेल केला. उत्तर दहा मिनिटांत आलं: ‘थँक यू, वी विल टच बेस विथ यू शॉर्टली.’ त्याला आज एकोणीस दिवस झाले.